निळं बटण कुठं गेलं?



हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या. आज गटाच्या वेबसाइटविषयी बोलायचं आहे. ज्यांच्या गटाची वेबसाइट नाही त्यांनीही ऐका. कारण आज आमची साइट बदलली, उद्या तुमच्या बँकेचं ॲप बदलेल नाहीतर ऑनलाइन फॉर्म बदलेल. गोष्ट एकच आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या आमच्या काही गटांनी मिळून एक साधी वेबसाइट केली. कुरडया, शेवया, उडदाचे पापड, काळा मसाला यांचे फोटो, एक दरपत्रक आणि ऑर्डरसाठी फोन नंबर, बस. ती चालते वर्डप्रेसवर. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट तयार करायचं आणि तिच्यातला मजकूर बदलायचं सॉफ्टवेअर. ते २००३ साली निघालं. ते फुकट मिळतं, आणि आज जगातल्या दहा वेबसाइटांपैकी चार तरी त्याच्यावर चालतात.

दर बदलायचं काम आमच्या सचिवताई करायच्या. शिक्षण बारावी, वय पंचेचाळीसच्या पुढं. त्यांना मीच शिकवलं होतं. शंभर पानी वहीत त्यांनी एकेक पायरी लिहून घेतली होती. डावीकडच्या काळ्या पट्टीत जा, 'पेज' दाबा, दरपत्रक उघडा, आकडा बदला, उजवीकडच्या चौकटीतलं निळं बटण दाबा. दोन वर्षं त्या वहीवर काम सुरळीत चाललं.

मग एका उन्हाळ्यात, ऐन कुरडयांच्या हंगामात, आमची साइट सांभाळणाऱ्याने रात्रीतून सगळं अपडेट केलं. आम्हाला काही सांगितलं नाही. सकाळी ताईंनी दरपत्रक उघडलं तर डावीकडची काळी पट्टी नाही आणि उजवीकडची चौकटही नाही. पांढरा पडदा, वर बारीक चिन्हं, आणि मधे स्वागताची एक खिडकी उघडलेली. ताईंनी कशीबशी ती खिडकी बंद केली. गव्हाचे भाव वाढले म्हणून कुरडईचा दर किलोमागं ५० रुपयांनी वाढवायचा होता. तो त्यांनी वाढवलाही. पण निळं बटण सापडेना. आपोआप जतन झालं असेल म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला.

चार दिवसांनी शहरातल्या एका सोसायटीतून ४० किलो कुरडयांची ऑर्डर आली, जुन्या दराने. गिऱ्हाइकाने साइटवरचा फोटो काढून पाठवला होता. आकडा आमचाच, मग शब्दही आमचाच. माल त्याच दराने दिला. २००० रुपयांचा फटका बसला.

मासिक बैठकीत ताई खाली मान घालून बसल्या. म्हणाल्या, "पैसे मी भरते. आणि ते कॉम्प्युटरचं काम आता पोरींना द्या. माझ्यानं होत नाही." बायांनो, मला त्या २००० रुपयांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. चाळिशीनंतर जिद्दीने शिकलेली बाई एका सकाळीत म्हणते, माझ्यानं होत नाही. एका पडद्याने तिचं दोन वर्षांचं शिकणं खोटं ठरवलं.

मग मी शोध घेतला की हे झालं कसं. वर्डप्रेसने ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० ही आवृत्ती आणली आणि लिहायची जागाच नवी केली. त्या कामाचं नाव ठेवलं होतं गुटेनबर्ग. पंधराव्या शतकात जर्मनीत सुट्या खिळ्यांनी छपाई करणारा हा माणूस. जुन्या छापखान्यात एकेक खिळा जुळवून पान व्हायचं. तसंच इथं एकेक ठोकळा जुळवून पान करायचं, म्हणून ते नाव. त्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. पुढं ३१ मार्च २०२० च्या ५.४ आवृत्तीपासून लिहिताना पूर्ण पडदा उघडायला लागला आणि डावीकडची काळी पट्टी झाकली गेली. म्हणजे ताईंची चूक नव्हती. पट्टी खरंच जागेवर नव्हती.

हा बदल आला तेव्हा जगभर कुरकुर झाली. मोठमोठ्या इंग्रजी शिकलेल्या लोकांनीही तक्रारी केल्या. म्हणून जुना एडिटर चालू ठेवणारं 'क्लासिक एडिटर' नावाचं एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा भाग, दिलेला होता. आधी सांगितलं की २०२१ अखेरपर्यंत तो सांभाळू. पण लाखो साइटांवर लोक तोच वापरत राहिले, तेव्हा मुदत वाढवावी लागली. आमच्या साइटवरही तोच होता. अपडेटच्या रात्री तो निघाला, आणि आम्ही नव्या घरात अंधारात पडलो.

हे बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या एका आजींनी आण्यांची गोष्ट काढली. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडं दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. मग झाले १०० नवे पैसे. चार आण्याचे पंचवीस हे जमायचं, पण एका आण्याचे किती? सव्वासहा! बाजारात रोज वाद व्हायचे. म्हणून जुनी नाणी काही वर्षं नव्यांबरोबर चालू ठेवली होती. १९६४ मध्ये 'नवा पैसा' यातला 'नवा' गेला आणि नुसता पैसा राहिला. आजी म्हणाल्या, "माझ्या सासूला शाळा नव्हती, तरी तिनं बाजार केलाच की. आधी रुपया धरून ठेवला, मग चिल्लर शिकली." मला वाटतं, यापेक्षा चांगलं शिक्षण कुठल्या वर्गात मिळणार नाही. मोठं काय बदललं नाही ते आधी धरा. दर तोच, पान तेच, गिऱ्हाईक तेच. फक्त चिल्लर बदलली.

आता नवी पद्धत सांगते. जुना एडिटर म्हणजे पातेल्यातली खिचडी. मजकूर, फोटो, दर सगळं एकात. नवा एडिटर म्हणजे ताट. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत. परिच्छेद एक वाटी, फोटो दुसरी, दरांचा तक्ता तिसरी. एक वाटी उचलून दुसरीकडं ठेवली तरी बाकीचं ताट हलत नाही.

ज्या मजकुरावर बोट ठेवाल, त्याच्याच वर छोटी पट्टी उघडते. तिच्यातल्या वर-खाली बाणांनी ती वाटी वर किंवा खाली सरकते. नवीन काही घालायचं तर अधिकचं चिन्ह दाबा. चुकलं तर वरचा मागं वळलेला बाण दाबा, आधीचं परत येतं. निळं बटण गेलेलं नाही, ते पडद्याच्या अगदी वर उजव्या कोपऱ्यात आहे. झाकलेल्या काळ्या पट्टीकडं परत जायचं तर वर डाव्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबा. आणि एक महत्त्वाचं. लिहिलेलं आपोआप जतन होतं हे खरं, पण जाहीर पानात बदल करताना निळं बटण दाबल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. आमचं तिथंच चुकलं. ताईंनी टाकलेला नवा दर आत होता. पान पुन्हा उघडल्यावर साइटनेच विचारलं, तुमचा जतन केलेला मजकूर बघायचा का? तो बघून ताईंचे डोळे भरून आले. त्यांचं काम वाया गेलं नव्हतं.

त्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पहिली, २००० रुपये गटाच्या नफ्यातून जातील, ताईंकडून एक पैसाही घ्यायचा नाही. पापड लाटताना तुटले तर लाटणारीला दंड लावतो का आपण? दुसरी, काम एकटीला शिकवायचं नाही. ही चूक माझी होती, ती मी सगळ्यांसमोर कबूल केली. आता तिघी शिकल्या आहेत. तिसरी, साइटचा पासवर्ड आणि नावाची नोंदणी गटाच्या ताब्यात राहील. चौथी, मोठं अपडेट करायच्या पंधरा दिवस आधी आम्हाला सांगायचं आणि सगळ्याची प्रत काढून ठेवायची. हंगामात तर अपडेट करायचंच नाही. पाचवी, दर बदलला की दुसऱ्या कुणीतरी आपल्या मोबाइलवर पान उघडून बघायचं, अगदी गिऱ्हाईक बघतं तसं.

आणि शेवटची गोष्ट वहीची. जुन्या वहीत लिहिलं होतं, उजवीकडचं निळं बटण दाबा. जागा बदलली आणि वही बाद झाली. नव्या वहीत ताईंनी आधी काम लिहिलं आहे: 'बदल गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून जाहीर करायचं.' त्याच्याखाली पेन्सिलीने: 'सध्या बटण वर उजवीकडं आहे.' काम पेनाने, जागा पेन्सिलीने. जागा पुन्हा बदलली तर खोडता येते. ही युक्ती मी नाही सांगितली, त्यांनीच काढली.

सरावासाठी आम्ही एक वेगळं पान ठेवलं आहे. ते जाहीर करत नाही, मसुदा म्हणूनच ठेवतो. त्यात कुणीही काहीही बिघडवावं. पहिल्या आठवड्यात ताईंनी त्यात नातवाचा फोटो तीन वेळा उलटसुलट लावला. चौथ्या वेळी नीट लागला. पुढच्या महिन्यात शेवयांचा दर त्यांनीच बदलला आणि मला फोन करून म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलवर उघडून बघ बरं, दिसतंय का?"

दिसत होतं.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात कुणी ताई 'माझ्यानं होत नाही' म्हणून मागं सरली असेल तर तिला या आठवड्यात बोलवा, शेजारी बसवा, आणि माऊस तिच्याच हातात द्या. तुमच्या हातात घेऊ नका.