राऊटरची दुसरी किल्ली



घरात इंटरनेट आणणाऱ्या राऊटरला दोन परवलीचे शब्द असतात. पहिला वायफायचा, तो कुटुंबीयांना व पाहुण्यांनाही ठाऊक असतो. दुसरा राऊटरच्या व्यवस्थापनाचा. तो मात्र पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच राहतो. अनेक जुन्या राऊटरांवर तो नुसता 'अ‍ॅडमिन' असतो, आणि अशा शब्दांच्या याद्या जगजाहीर आहेत.

या उपेक्षेची किंमत २०१६ साली जगाला मोजावी लागली. 'मिराई' या घातक प्रणालीने कारखान्यातील नावे व परवलीचे शब्द यांच्या साठाहून अधिक जोड्या वापरून असंख्य राऊटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर रोजी त्या उपकरणांकरवी 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसह अनेक संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली.

उपाय अवघड नाही. राऊटरच्या तळाशी छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, घरच्याच जोडणीवरून ब्राउझरमध्ये लिहावा. उघडलेल्या पानावर व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द प्रथम बदलावा. तो वायफायच्या शब्दाहून वेगळा व लांब असावा. बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद करावी. वायफायसाठी 'डब्ल्यूपीए-३' अथवा 'डब्ल्यूपीए-२' ही सुरक्षा निवडावी आणि राऊटरची प्रणाली अद्ययावत ठेवावी. 'रीसेट' केल्यास मूळचा परवलीचा शब्द परत येतो. तेव्हा ही कामे पुन्हा करावीत.

शाळा व ग्रामपंचायत कार्यालयांनाही हाच नियम लागू आहे. नवा शब्द नोंदवहीत लिहून ती कुलपात ठेवावी. भिंतीवर चिकटवू नये.