साक्ष आणि सक्ती

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पंडिता रमाबाई' एवढंच लिहिलंय. रमाबाईंबद्दल आपण नेहमी बोलतो. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी दिलेली साक्ष सांगतो, शारदासदन सांगतो, दुष्काळातून वाचवलेल्या बायका सांगतो. पण 'त्या ख्रिस्ती झाल्या' हे वाक्य आलं की आपण घाईनं पुढं सरकतो. मी आज तिथंच थोडी थांबणार आहे. कारण ही घाई माझ्याही अंगात मुरलेली आहे.

मी पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. माझी आजी बायबलबाई होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं आणि खोकल्याचं औषध, असं घेऊन ती पायी वस्त्यांवर जायची. संध्याकाळी चुलीपुढे बसून दिवसभराचा हिशोब सांगायची, "आज दोघींनी ऐकलं, एकीनं चहा दिला, एकीनं शेण फेकलं." तिन्ही गोष्टी एकाच सुरात.

मी एम.एस.डब्ल्यू. झाले आणि एका संस्थेत लागले. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी प्रेमानं सांगितलं, "वस्तीत नुसतं पहिलं नाव सांगत जा. उगाच शंका नको." मला ते पटलं. पुढे एकदा गावात बायकांच्या बैठकीत एक पुढारी दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन ना? बायका बाटवायला आलात?" मी म्हटलं, "मी संस्थेतर्फे आलेय." विषय मिटला. पण उठताना एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तू आम्हाला सांगतीस, मारणाऱ्याचं नाव घ्या, खाली बघू नका. मग तू का गं खाली बघितलंस?"

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आता रमाबाईंकडे येते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे काहूर उठलं. इतकी विद्वान बाई, संस्कृत पंडिता, हिला कुणीतरी फसवलं असणार, असं म्हटलं गेलं. बाई विचार करून धर्म बदलू शकते, हेच पुष्कळांना अशक्य वाटत होतं. त्यांची बाजू घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५ सालच्या 'सत्सार'मध्ये त्यांनी या धर्मांतराचा कैवार घेतला.

पण विरोध फक्त इकडचाच होता असं समजू नका. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी चर्चच्या वरिष्ठांपुढेही मान तुकवली नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं पडलं, तेव्हा त्या खवळल्या. चर्चची जी शिकवण त्यांच्या बुद्धीला पटेना, ती केवळ मोठी माणसं सांगतात म्हणून त्यांनी स्वीकारली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली छापला गेला. जमलं तर जरूर वाचा. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जायचं नाही, हा त्यांचा हट्ट त्यात दिसतो. श्रद्धा त्यांची स्वतःची होती. म्हणून ती सांगण्याचा अधिकारही त्यांना स्वतःचा वाटत होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पैसा मुख्यतः अमेरिकेतून यायचा, पण सदनात कुठल्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यांना मी बोलावणार नाही आणि हाकलूनही देणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. टिळकांच्या 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालक मुलींना घेऊन गेले. त्या वादात पालक बोलले, सल्लागार बोलले, संपादक बोलले. त्या मुलींना काय वाटतं, हे विचारावंसं फारसं कुणाला वाटलं नाही. विधवा म्हणून घरात त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि त्यांच्या भल्यासाठी चाललेल्या भांडणातही नाही.

हे सांगताना मी रमाबाईंचा पक्ष घेतेय, हे उघड आहे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते भाषण न होता प्रवचन होईल. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं बायका शेती करायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं. पण मुक्ती ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. उपासमारीतून आलेल्या मुलीला जिथं भाकरी मिळते, तिथल्या प्रार्थनेला 'नको' म्हणणं कितपत शक्य असतं? हा प्रश्न टीकाकारांचा म्हणून मी झटकून टाकू शकत नाही.

कारण तो मला प्रत्यक्ष भेटलाय. मी निवारागृहात काम करत होते तेव्हाची गोष्ट. एक बाई आली होती, हात मोडलेला, कडेवर पोर. नाताळच्या दिवशी मी सकाळी उपासनेला जाऊन कामावर आले, हे तिला कळलं. रात्री ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी तुमच्या देवाची झाले तर मला इथं जास्त दिवस राहता येईल का?"

मैत्रिणींनो, माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिला एक शब्दही बोलले नव्हते. पण रजिस्टर माझ्या हातात होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. तिच्या दृष्टीनं माझा देव आणि माझी किल्ली एकच होती. मी म्हटलं, "बाई, तुझे दिवस संस्थेच्या नियमानं ठरतात. तुझा देव तुझ्याजवळच राहू दे." तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घातलाय. जिचं जेवण, निवारा किंवा केस माझ्या हातात आहे, तिच्यापुढे धर्माचा विषय मी काढायचा नाही. तिनं विचारलं तर खोटं बोलायचं नाही. बस्स.

आमच्या मंडळीत यालाही विरोध झाला. एक पाळक म्हणाले, "तू भितेस, साक्ष द्यायला लाजतेस." आमच्यात 'साक्ष देणं' म्हणजे माझ्या आयुष्यात देवानं काय केलं ते चारचौघांत सांगणं. मी त्यांना म्हटलं, साक्षीदारानं आपलं पाहिलेलं सांगायचं असतं, समोरच्याच्या गरजेचा फायदा घ्यायचा नसतो. जिथं ऐकणारीला उठून जाता येत नाही, तिथं साक्षीची सक्ती होते.

आता थोडं कायद्याबद्दल. घटनेच्या २५ व्या कलमानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही. पण स्वतःचा धर्म निवडण्याच्या बाईच्या हक्काचं काय? ओरिसाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मांतरविषयक कायदा पाहा. सक्तीनं किंवा आमिषानं धर्मांतर केलं तर शिक्षा, इथवर ठीक. पण ज्यांच्या बाबतीत शिक्षा जास्त, ती यादी अशी : अज्ञान मुलं, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती. मध्य प्रदेशचा तो कायदा जाऊन २०२१ साली नवा आला, उत्तर प्रदेशातही त्याच वर्षी कायदा झाला. दोन्हींत ही यादी कायम आहे. म्हणजे एम.ए. झालेली चाळीस वर्षांची बाई आणि आठ वर्षांचं पोर एका रांगेत. दोघांनाही कुणीही भुलवू शकतं! रमाबाईंना १८८३ साली जे ऐकावं लागलं, तेच.

केरळच्या हादियाची केस तुम्हाला आठवत असेल. ती सज्ञान होती, शिकलेली होती. तिनं इस्लाम स्वीकारला, लग्न केलं. उच्च न्यायालयानं २०१७ साली लग्न रद्द ठरवून तिला आईवडिलांच्या ताब्यात ठेवलं. ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. त्या वेळी आपल्यातल्या किती जणी जाहीरपणे बोललो? मीही गप्प होते. धर्माच्या भानगडीत कशाला पडा, म्हणून.

मला वाटतं, हे मौन आपल्याला महाग पडतं. मी तुमच्याकडे दोन गोष्टी मागतेय. एक, आपल्या निवारागृहांत, सल्ला केंद्रांत धर्माबाबतचा नियम लेखी असावा. मदतीच्या बदल्यात प्रार्थना, नामस्मरण, व्रत काहीच नाही, कुठल्याही धर्माचं नाही. हळदीकुंकवाला बसलं नाही म्हणून कुणी वेगळी पडू नये, हेही त्यातच आलं. आणि दुसरी, आपल्या बरोबरीच्या मैत्रिणींत, जिथं कुणाची किल्ली कुणाच्या हातात नाही, तिथं प्रत्येकीला आपली श्रद्धा किंवा नास्तिकता मोकळेपणानं सांगता यावी. पटलं नाही तर वाद घाला. माझ्याशी जरूर घाला. फक्त माझं तोंड बंद करून मला पुरोगामी ठरवू नका.

त्या म्हातारीच्या गावात मी मागच्या वर्षी पुन्हा गेले. बैठकीच्या सुरुवातीला पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. म्हटलं, मी ख्रिस्ती आहे, रविवारी देवळात जाते, इथं रेशनकार्डाच्या कामासाठी आलेय. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. ती म्हातारी पुढे सरकून म्हणाली, "बरं. आता माझं कार्ड बघ."