नोकरी गेल्यावर घराची वही

(नांदेड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी अर्थतज्ज्ञ नाही. नांदेडमध्ये वाढलो, इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये अकरा वर्षं काम केलं आणि 5 मार्च 2024 ला माझी नोकरी गेली. अर्ध्या तासाची मीटिंग झाली, लॅपटॉप जमा केला, विषय संपला. त्यानंतर घर कसं चालवलं, ते सांगायला आज उभा आहे. त्यात काय चुकलं, ते आधी सांगतो, कारण माझी सगळ्यात महागडी चूक तिथेच झाली.

मी 37 दिवस घरी सांगितलं नाही.

आठवड्याभरात रमजान सुरू झाला. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचो. कधी वाचनालयात बसायचो, कधी एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये. इफ्तारच्या आधी घरी. बायको विचारायची, काम कसं चाललंय, मी म्हणायचो, चाललंय. दुसरीकडे खर्च पगार असल्यासारखाच होता. मित्रांना इफ्तार दिला, नांदेडला अम्मी-अब्बांना पैसे पाठवले, सगळ्यांना ईदचे कपडे घेतले. हे सगळं क्रेडिट कार्डावर. ईदपर्यंत कार्डाची रक्कम 64,000 झाली. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून छोटा आकडा असतो, तेवढाच भरायचो आणि निर्धास्त व्हायचो. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं. 64,000 वर महिन्याचे 2,240 रुपये, वर कर वेगळा. व्याज हराम आहे म्हणून मी आयुष्यभर बँकेच्या व्याजाला हात लावला नव्हता. तोच मी आपली अब्रू झाकायला वर्षाला 42 टक्क्यांचं व्याज भरत होतो.

ईदच्या रात्री पाहुणे गेल्यावर बायकोनं विचारलं, “कित्ते दिन हुए?” तिला आधीच कळलं होतं. महिनाअखेरीला बँकेचा मेसेज आला की मी तिला दाखवायचो, त्या महिन्यात दाखवला नव्हता. मी म्हणालो, सदतीस. ती रागावली नाही. म्हणाली, “सदतीस दिवस मी दोनशे रुपये किलोची द्राक्षं घेतली. तुम्ही सांगितलं असतं तर केळी घेतली असती.”

मित्रांनो, ज्याच्या हातात घराचा रोजचा खर्च आहे, त्यालाच उत्पन्न किती आहे हे ठाऊक नसेल, तर बजेट होणार कसं? आपल्याकडे कमावणारा पुरुष मानतो की काळजी आपण एकट्यानं वाहायची. त्याला आपण मर्दानगी म्हणतो. माझ्या घरात त्या मर्दानगीचं बिल 64,000 रुपये आलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. बायको लातूरची, गणितात पदवीधर. तिनं पानावर तीन रकाने आखले. पहिला: थांबलं तर घर थांबेल. दुसरा: थांबलं तर अडचण होईल, पण निभेल. तिसरा: थांबलं तर फक्त लोक बोलतील.

आमचा महिन्याचा खर्च 87,000 निघाला. घरभाडं 22,000, गाडीचा हप्ता 11,500, किराणा, दूध, भाजी, मटण मिळून 14,000, अम्मी-अब्बांना 12,000, मुलीची शाळा 6,000, पेट्रोल 5,000, बाहेर खाणं आणि ऑनलाइन खरेदी 9,000, भिशी 5,000, फोन, इंटरनेट वगैरे 2,500. पगार हातात यायचा 92,000. म्हणजे अकरा वर्षं नोकरी करून मी महिन्याला 5,000 वाचवत होतो, आणि स्वतःला सुखवस्तू समजत होतो.

तिसऱ्या रकान्यात काय गेलं? गाडी, बाहेरचं खाणं, ऑनलाइन खरेदी. मिळून 20,500. सहा लाखांची गाडी आम्ही कुठे जाण्यासाठी घेतली होती? खरं सांगायचं तर दोन ईदींना नांदेडच्या गल्लीत उभी करण्यासाठी. ती विकली. बँकेचं कर्ज फेडून 70,000 उरले, ते जवळपास सगळे कार्डाच्या देण्यात गेले. कार्ड कापून टाकलं.

दुसऱ्या रकान्यात सगळ्यात मोठं होतं पुण्याचं भाडं. त्यावर आठ दिवस वाद झाला. पुण्यात राहिलं तर मुलाखती सोप्या, हे माझं म्हणणं. तिनं विचारलं, आता मुलाखती बहुतेक ऑनलाइन होतात ना? मे महिन्यात आम्ही सामान टेम्पोत भरून नांदेडला आलो. अब्बांनी दारातच विचारलं, “कायकू छुपाया रे?” बाकी काही बोलले नाहीत.

इथे लातूरची एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्यातल्या पुष्कळांना 2016 आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या जागी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंच्या घरी ड्रमवर खडूनं रेघा मारलेल्या असायच्या. आज इथपर्यंत, उद्या तिथपर्यंत. टँकर कधी येईल ते नक्की नसायचं, म्हणून किती लिटर आहे यापेक्षा किती दिवस पुरेल, हेच त्या बघायच्या. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला.

बायकोनं आमच्या पैशाला तोच हिशेब लावला. जूनच्या सुरुवातीला नोकरी सुटताना मिळालेले आणि साठवलेले मिळून 2,40,000 रुपये होते. जुन्या खर्चानं ते तीन महिनेही पुरले नसते. नांदेडचा खर्च मांडला: पाच माणसांचा किराणा-भाजी 15,000, शाळा 1,800, वीज, गॅस, फोन 3,500, अब्बांची औषधं 3,000, आमच्या तिघांचा आरोग्य विमा महिन्याला 2,200, दुचाकीचं पेट्रोल 1,500. भिशीची उचल आम्ही आधीच घेतली होती, ती मध्येच सोडणं म्हणजे बाकीच्या बायकांचे पैसे बुडवणं, म्हणून तिचे 5,000 पहिल्या रकान्यात. एकूण 32,000. बायकोनं दहावीच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या, त्याचे 8,000. तूट 24,000. दोन लाख चाळीस हजार भागिले चोवीस हजार. दहा महिने.

हा आकडा वहीत लिहिला त्या रात्री मला तीन महिन्यांनी पहिल्यांदा नीट झोप लागली. कुठलीही नोकरी मिळेल तशी पकडावी, ही घाई गेली. नोकरी गेलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: खात्यातली रक्कम रुपयांत बघू नका, महिन्यांत बघा. दर महिन्याच्या 1 तारखेला तो आकडा नव्यानं काढा.

शेजारचे एक चाचा उस्मानशाही मिलमध्ये होते. आपल्या शहरानं नोकऱ्या जाताना मी जन्मायच्या आधीपासून पाहिल्यात, आपण पहिले नाही. मिलचं काम सुटलं तेव्हा पहिल्या दिवशी काय केलं, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, किराणावाल्याकडे गेलो आणि सांगितलं की काम सुटलंय, उधारी थोडी थोडी फिटेल. दुकानदारानं वर्षभर सांभाळून घेतलं. ज्याचं देणं आहे त्याला आधी जाऊन सांगायचं, हे ते शाळेत न जाता शिकले होते. बँकेचंही तसंच आहे. हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा. बँक हो म्हणेलच असं नाही, पण हप्ता चुकल्यानंतरचं बोलणं फार अवघड असतं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. आणि वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी सांगितली. माझ्या कंपनीच्या विम्यात अम्मी-अब्बांची नावं होती, पण तो विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपला होता, आणि निघताना मी त्याबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता. नवा विमा फक्त आमच्या तिघांचा घेतला होता. ज्यांची आज नोकरी आहे त्यांनी हे लिहून घ्या: कंपनीच्या विम्यावर विसंबू नका, छोटा का होईना स्वतःचा विमा ठेवा. आणि नोकरी सुटताना विचारा की हीच पॉलिसी वैयक्तिक करून मिळेल का.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अम्मीनं पेटीतून रेशनकार्ड काढलं. मी दवाखान्याच्या खिडकीसमोर ते हातात धरून उभा होतो आणि मनात येत होतं, कोणी ओळखीचं बघेल. इंजिनिअरचा बाप योजनेतून! नंतर लक्षात आलं, हा तिसरा रकाना आहे. ऑपरेशन योजनेतून झालं. आधीच्या तपासण्या, औषधं, येणं-जाणं यांचे 30,000 मात्र हातचे लागले.

ते कुठून आणायचे? मी बायकोला म्हणालो, तुझ्या बांगड्या गहाण ठेवू. ती म्हणाली, “माझे आहेत ना? मग मला विचारा, सांगू नका.” तिची मेहरची रक्कम बँकेत ठेवली होती. त्यातले 30,000 तिनं दिले, पण वहीत लिहून: तारीख, रक्कम, नोकरी लागल्यावर महिन्याला 2,500 प्रमाणे बारा हप्ते. खाली माझी सही घेतली. अम्मीला ते खटकलं, नवरा-बायकोत कसली सही? अब्बा अंथरुणावरून म्हणाले, कुरआनातली सगळ्यात लांब आयत कशाविषयी आहे माहीत आहे का? सूरह बकरहमधली 282 वी. ती मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवायला सांगते. आपण मेहर, दागिने हे बाईचा हक्क आहे असं मंचावरून अभिमानानं सांगतो, आणि पहिली अडचण आली की तिच्या कपाटाची किल्ली मागतो. त्या सहीनं माझं काही कमी झालं नाही.

आता थोडक्यात काही कामाच्या गोष्टी. नोकरी सुटली की पीएफ लगेच सगळा काढू नका. पाच वर्षांची सेवा पूर्ण व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि तो म्हातारपणाचा पैसा आहे. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागा, तो कायद्यानं हक्क आहे. वर्षात काही महिनेच पगार मिळाला असेल तर विवरणपत्र भरा, जास्त कापलेला कर परत मिळू शकतो. विजेचा दर 100 युनिटच्या पुढे एकदम चढतो, मीटर आठवड्याला बघा. शिकवणी, दुरुस्ती, अनुवाद, जे येतं त्याचे पैसे घ्यायला लाजू नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या हिशेबात दहा महिने निघाले, कारण नांदेडला अब्बांचं घर होतं. आपल्या मोहल्ल्यात अशी घरं आहेत जिथे भागाकार केला तर एक आठवडाही निघत नाही. गॅरेजवर, हॉटेलात, बांधकामावर काम सुटलं की त्याच संध्याकाळी चूल अडते. त्यांना ‘बचत करा’ सांगणं हा अपमान आहे. त्यांच्यासाठी रेशनकार्डावर नाव चढवून देणं, योजनेचा अर्ज भरून देणं, हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचं काम आहे. जकात घेण्याचा हक्क असलेल्या आठ प्रकारच्या लोकांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. मग आपल्या ओळखीतला असा माणूस रमजानमध्ये आपल्याला का दिसत नाही? तोही बॅग घेऊन कुठेतरी पार्किंगमध्ये बसलेला असतो म्हणून.

2025 च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीनं सुमारे 12,000 लोक कमी करण्याचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरचे जास्त. अकरा-बारा वर्षं झाली की नोकरी पक्की, असं आता धरून चालता येत नाही. मला 2025 च्या जानेवारीत काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे, काम नांदेडहूनच करतो. बायकोचे बारा हप्ते फिटले. वही चालू आहे. पहिलं उद्दिष्ट ठेवलं होतं सहा महिन्यांचा खर्च, 1,92,000 रुपये. अजून 40,000 कमी आहेत.

तुमची नोकरी शाबूत असेल तरी आज घरी गेल्यावर एक काम करा. दोनशे पानी वही घ्या, घरातल्या सगळ्यांना बसवा, अम्मीला आणि बायकोलाही, आणि तीन रकाने आखा. तिसऱ्या रकान्याची बेरीज किती येते ते बघा. आणि ज्याची नोकरी गेली आहे आणि ज्यानं अजून घरी सांगितलेलं नाही, तो या सभागृहात असेल तर, भाऊ, आज रात्रीच सांग. मी सदतीस दिवस थांबलो होतो.