व्हिडिओ एडिटरची मजुरी
(पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मुंबईत आपली अनेक मुले घरच्या संगणकावर व्हिडिओ एडिटिंगची कामे घेत आहेत. डाविंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते, म्हणून ही विद्या आता गरिबाच्याही आवाक्यात आली आहे. परंतु दाम किती मागावा, हे मुलांना कोणी शिकवीत नाही. त्याविषयी चार शब्द बोलण्याची मी परवानगी घेतो.

या कामाचे पैसे साधारणतः तीन रीतींनी ठरतात. स्टुडिओत बसून केलेले काम शिफ्टवर, लग्नाची फिल्म उक्ती आणि यूट्यूब चॅनेलचे काम दर व्हिडिओमागे किंवा दरमहा. नवखा मुलगा बहुधा उक्त्या कामात फसतो.

उदाहरणादाखल, एका लग्नाची फिल्म ६,००० रुपयांना ठरली असे धरा. चित्रीकरण आठ तासांचे. ते नुसते पाहण्यातच आठ तास जातात. जोडणी, आवाज व रंग यांना वीस तास. मग घरमंडळी तीन वेळा बदल सांगतात, त्याचे बारा तास. एकूण चाळीस तास, म्हणजे तासाला १५० रुपये! यातूनच वीज, इंटरनेट, हार्ड डिस्क आणि संगणकाची झीज भागवायची. मग हाती काय उरले, ते आपणच ठरवा.

शेरवानी शिवणारा मास्टर कापड पाहूनच मजुरी सांगतो, इसार घेतो आणि ठरलेल्या मापाबाहेरच्या कामाचे पैसे वेगळे लावतो. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही तसेच करा. आधी तास मोजा, मग दर सांगा. बदल किती वेळा करून देणार, इसार किती आणि बाकी कधी, हे कामापूर्वी लिहून घ्या. ‘नाव होईल’ एवढ्याच आश्वासनावर फुकट काम करू नका.

कायदाही तुमच्या बाजूस आहे. काम घेण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी करा. ती विनामूल्य असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते. कंपनीने टीडीएस कापला असेल तर प्राप्तिकर विवरणपत्र अवश्य भरा. कर देय नसल्यास ती रक्कम परत मिळते.

पालकांना एकच विनंती. मुलगा वा मुलगी रात्री जागून पडद्यापुढे बसते, तेव्हा ‘हा काय खेळ’ असे म्हणू नका. शेजारी वही ठेवा आणि रोजचे तास लिहायला सांगा. ज्याला आपल्या श्रमाचा हिशेब ठाऊक असतो, त्याला कमी दामात राबवणे सोपे नसते.