‘चार लोकां’चे भय येते कोठून?

(सातारा आणि सांगली येथील पालकसभांत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पालकांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते, “आमचा मुलगा फार लाजाळू आहे हो, मोठा झाला की सुटेल.” पुष्कळदा तो सुटतोही. परंतु उत्तर येत असूनही ज्याला वर्गात हात वर करवत नाही, पंगतीत वाढायला उभे राहण्याच्या कल्पनेनेच ज्याच्या तोंडाला कोरड पडते, लग्नकार्य टाळण्यासाठी जो पोटदुखीचे निमित्त काढतो, त्याच्या बाबतीत लाज हा शब्द अपुरा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकाराला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. आपण त्याला सामाजिक भयगंड म्हणू. बहुधा तो माध्यमिक शाळेच्या वयातच डोके वर काढतो.

त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. काही मुले जन्मतःच बुजरी असतात. अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातात. हा स्वभाव काही अंशी घराण्यातून उतरतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसले आहे. मात्र उतरते ती केवळ प्रवृत्ती. तिला खतपाणी मिळते ते घरात. “चार लोक काय म्हणतील?” असे आपण उठता-बसता विचारतो. हे चार लोक आजवर कोणी पाहिलेले नाहीत, तरी मूल जन्मभर त्यांच्यापुढे परीक्षा देत राहते. पाहुण्यांनी मुलाला नाव विचारावे आणि उत्तर आईने द्यावे, हाही त्यातलाच प्रकार.

तिसरे कारण अपमानाचे. येथे सातारकरांनी थोडे थांबावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. पुढच्याच वर्षी वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्यांची मुद्रा पालटली. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावी या अटीवर. शिदोरी जवळ होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. या प्रसंगाचा ठसा मनावर कायमचा उमटल्याचे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी त्यावर मात केली, हे त्यांचे असामान्यत्व. पण चारचौघांत गेलो तर झिडकारले जाऊ, असे ज्या मुलाला वाटावे, त्याच्या मनात आपण कोणता दोष शोधणार? दोष आपल्या समाजाचा होता.

आज गोणपाट गेले, हसणे उरले आहे. जत, आटपाडी वा माण-खटावकडचा मुलगा शहरातील महाविद्यालयात येतो, ‘व्हय’ म्हणतो आणि वर्ग हसतो. कधी शिक्षकही हसतात. त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर जातो. बोलणे टाळले की तेवढ्यापुरते हायसे वाटते. म्हणून तो पुन्हा टाळतो. सारे लक्ष स्वतःच्या थरथरत्या हाताकडे आणि तापलेल्या कानांकडे लागते. समोरच्याचा हसरा चेहरा दिसतच नाही, आणि भीती खोटी ठरण्याची संधीच येत नाही. मूळ कारण जुने झाले तरी विकार टिकतो तो असा.

कर्मवीर भाऊराव पाटील मानसशास्त्र शिकवायला बसले नव्हते. पण १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातींची खेड्यातली मुले एकत्र राहू, राबू आणि जेवू लागली. तेथे कोणाच्या बोलीला कोण हसणार?

भय मुलाच्या शाळेच्या, कामाच्या आड येत असेल, तर मात्र नुसत्या धीराच्या शब्दांवर थांबू नये. टाळलेल्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे नेणारी उपचारपद्धती आहे, गरजेप्रमाणे औषधेही आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन पालकांनी लावला तरी चालेल; बोलणे मात्र मुलाला करू द्यावे.