आकाशातली नजर, जमिनीवरची शिस्त

(वसई परिसरातील तरुण व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. यंत्रांची भाषा मला उपजत येत नाही. तरीही ड्रोन चित्रीकरण आणि थेट प्रक्षेपण या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले. आपला वसई-विरारचा तरुण पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री थकून परततो. आयुष्यातले कित्येक तास त्या डब्यात उभ्याने जातात. आपल्याच गावात मानाने करता येईल असा एखादा व्यवसाय त्याला खुणावत असेल, तर त्या व्यवसायाच्या दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडणे हे माझे कर्तव्य ठरते.

या क्षेत्राचा इतिहास फार जुना नाही. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी स्थापन केली. तिचे उडते यंत्र २००९च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात दिसले आणि सामान्य प्रेक्षकाला या विद्येची ओळख झाली. पुढे २०१६नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली महामारीच्या निर्बंधांमुळे लग्नाला पन्नासच माणसे बोलावण्याची वेळ आली, तेव्हा बाकीच्या आप्तांनी अक्षता पडद्यासमोर बसून टाकल्या. संकट सरले, परंतु दूरदेशीच्या मुला-नातवंडांना सोहळा घरबसल्या दाखवण्याची सवय कायम राहिली.

आपल्या भागात कामाला तोटा नाही. जीवदानीचा डोंगर, अर्नाळ्याचा जलदुर्ग, वसईचा किल्ला, किनाऱ्यावरचे कोळीवाडे. वरून पाहावे असे कितीतरी येथे आहे. लग्नकार्ये, गणेशोत्सव, चर्चचे सण, महापौर मॅरेथॉन, शाळांची स्नेहसंमेलने, उभ्या राहणाऱ्या इमारतींची प्रगती दाखवणारी चित्रणे, अशी ही यादी वाढतच जाते.

मात्र हा व्यवसाय परवानगीच्या चौकटीत चालतो, हे अनेकांना विमान उडवून झाल्यावर कळते. २०२१च्या ड्रोन नियमांनी वजनानुसार वर्ग पाडले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवायचा असेल तर मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन चालकाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी वय किमान १८ आणि शिक्षण दहावी पुरेसे आहे. नॅनोला प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून तो कोठेही उडवता येतो, असे मात्र नव्हे. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग दाखवलेले असतात. हिरव्या विभागातही सामान्यतः ४०० फुटांची मर्यादा आहे. शिवाय सुरक्षेच्या कारणास्तव पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. तेव्हा कामाच्या आधी पोलीस ठाण्यात चौकशी करण्यात कमीपणा मानू नका. वसईचा किल्ला तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली रक्त सांडून जिंकलेल्या त्या वास्तूवर विनापरवाना यंत्र भिरभिरवणे आपल्याला शोभत नाही.

आणखी एक सावधगिरी. फेब्रुवारी २०२२मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरती सवलत ठेवण्यात आली. कोणी ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ म्हणाला, तर त्या यंत्राची कागदपत्रे कशी उभी करणार, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. कर्जाचे हप्ते सुरू आणि यंत्र जप्त, अशी अवस्था एका कुटुंबाला पुरून उरते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, दोन लाखांचे साहित्य घेतले आणि ते तीन वर्षे टिकले. म्हणजे वर्षाला सुमारे ६७ हजारांची झीज झाली. वर्षात चाळीस कामे मिळाली, तर प्रत्येक कामामागे जवळजवळ १,७०० रुपये केवळ झिजेचे. त्यावर विमा, बॅटऱ्या, सहायकाची मजुरी, प्रवास आणि संकलनाच्या रात्री. हे न मांडता शेजाऱ्यापेक्षा हजार रुपये कमी सांगणारा स्वतःचेच भांडवल खात असतो. पावसाळ्यात ड्रोन पेटीत पडून राहतो आणि चातुर्मासात मुहूर्तही तुरळक असतात. अशा वेळी बंदिस्त सभागृहातील व्याख्याने, भजने आणि स्पर्धा यांचे थेट प्रक्षेपणच घर चालवते. म्हणून या दोन्ही कला जोडीने शिकाव्यात.

थेट प्रक्षेपणाला पुनर्मुद्रण नाही. मंगलाष्टके दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. सेकंदाला सहा मेगाबिट या वेगाने चार तास चित्र पाठवले, तर जवळजवळ ११ गिगाबाइट डेटा लागतो. तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी, वीज गेल्यास आधार देणारा यूपीएस आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण ही चैन नसून गरज आहे. आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागेवर चाचणी घ्या. सभागृह भरल्यावर हजार मोबाइल एकाच मनोऱ्यावर ताण देतात, हेही गृहीत धरा. लग्नात वाजलेले चित्रपटगीत प्रक्षेपणात गेले, तर स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे चित्रफीत बंद पडू शकते. यजमानांना हे आधी सांगा आणि लेखी करार करा.

शेवटी एक गोष्ट नियमपुस्तकाबाहेरची. उंचीवरून शेजारच्या गच्चीत वाळत घातलेले कपडे दिसतात, अंगणात बसलेली माताही दिसते. दिसते ते सारे टिपायचे नसते. परक्या घरातील मंगल प्रसंग आपल्या हाती सोपवला जातो, तो विश्वासावर. तो विश्वास जपणाऱ्याला जाहिरातीची गरज पडत नाही. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात त्याचे नाव आपोआप जाते. तरुणांनो, शिका, परवाने घ्या, हिशेब ठेवा आणि मग खुशाल उंच उडा.