आहेराची वही आणि पिंपळाचा पार

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने आज कळस चढला. शिखर उन्हात झळाळते आहे. या कामी ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी घाम गाळला, त्या सर्वांचे उपकार गाव विसरणार नाही. आजचा विषय मात्र शिखरावरचा नसून देवळासमोरच्या पिंपळाच्या पारावरचा आहे.

जीर्णोद्धाराला हात घालण्यापूर्वी गावाने श्रमदानाने हा पार साफ केला. पिंपळाच्या बुंध्याशी काय काय निघाले! तडकलेल्या काचांच्या तसबिरी, हातपाय मोडलेल्या फायबरच्या मूर्ती, देवाचे चित्र बसवलेली बंद घड्याळे, रंग उडालेले प्लास्टिकचे हार. ट्रॅक्टरची एक ट्रॉली भरली. हे सारे आणून टाकणारे लोक देवाला न मानणारे होते काय? मुळीच नाही. वास्तुशांतीला एकाच देवाच्या पाच तसबिरी आल्या, भिंती चारच. देवाची तसबीर उकिरड्यावर टाकवत नाही, म्हणून रात्री कोणी पाहत नाहीसे बघून पारावर ठेवायची आणि हात जोडून घरी जायचे. म्हणजे नकोसा आहेर देवाच्याच अंगणात परत आला.

तसबिरी ट्रॉलीत चढवताना पोरांनी त्या उलट्या केल्या. मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेले होते, "सप्रेम भेट", आणि खाली देणाऱ्याचे नाव. पोरे मोठ्याने नावे वाचू लागली, हशा पिकला. एवढ्यात समितीतल्याच एका वडीलधाऱ्या सभासदांनी एक तसबीर हातात घेतली, मागचे नाव वाचले, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि मुकाट्याने ती खाली ठेवली. नाव त्यांचेच होते. भेट सख्ख्या मेव्हण्याला दिलेली होती. मग कोणी हसले नाही.

घरोघरी आहेराची वही असते. कोणी काय दिले ते त्यात लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की तेवढेच परत करतात. या वहीमागे पूर्वी मोठा शहाणपणा होता. एका घरावर लग्नाचा बोजा पडू नये, म्हणून दहा घरांनी ज्वारी, तांदूळ, गूळ, भांडी घेऊन यायचे. पुढे आहेर माणसासाठी राहिला नाही, वहीसाठी झाला. टॉवेल-टोपी आणि ब्लाऊजपीस यांचेच बघा. तो टॉवेल अंग पुसत नाही, ती टोपी कोणाच्या डोक्याला बसत नाही, तो ब्लाऊजपीस कोणी शिवत नाही. या घरून त्या घरी, त्या घरून तिसऱ्या घरी, घडी न मोडता त्यांची वारी चाललेली असते. कधी कधी आपलाच आहेर फिरून आपल्याच दारी येतो! पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असे छापतात, तरी पाहुणे काखेत पुडके घेऊनच येतात; रिकाम्या हाताने जायचे तर लोक काय म्हणतील?

हे पूर्वीही चाले, मग आजच त्याची चिंता का? कारण वस्तूंची जात बदलली. सुती धडपा फाटला की त्याचे फडके होई, फडक्याचे पोतेरे होई आणि पोतेरे मातीत जिरे. आजचा ब्लाऊजपीस बहुधा पॉलिएस्टरचा असतो. ते खनिज तेलापासून बनते, मातीत कुजत नाही आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात उतरतात. तसबिरीची सोनेरी चौकट लाकडाची वाटते, पण पुष्कळदा ती प्लास्टिकची असते. देवाचे चित्र छापलेली ती कापडी दिसणारी पिशवीसुद्धा बहुतेक वेळा कापडाची नसते. ते पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लास्टिकच. हा सारा माल शेवटी गायरानात जातो. तेथे तो पेटवला तर विषारी धूर होतो आणि न पेटवला तर गुरांच्या पोटात जातो. पोटात प्लास्टिकचा गोळा झालेली गाय कशी तडफडते, हे ज्यांच्या गोठ्यात घडले त्यांना सांगायला नको.

याबाबत कायदाही झालेला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, तसेच मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागद, या वस्तूंना मनाई आहे. तरीही रुखवतात थर्माकोलचा महाल दिसतोच. कायदा कचेरीत राहतो, आहेर घरात ठरतो. म्हणून हा प्रश्न घरातच सुटला पाहिजे.

मग द्यावे तरी काय? येथे वाडीवरची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. बारा वर्षांपूर्वी याच देवळापुढच्या मांडवात एक लग्न झाले. त्या वेळी आहेर कर्ण्यावरून पुकारण्याची पद्धत होती. मिक्सर, घड्याळे, समया, कपाट अशी नावे पुकारली जात होती. नवरीच्या मावशी परिस्थितीने गरीब. त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेले एक गाठोडे पुढे केले. पुकारणारा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नवरीच्या मावशीकडून... एक वाकळ." मांडवात हशा उसळला. मावशी पदर ओढून मागे बायकांत जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आज काय स्थिती आहे? मिक्सर जळाला, घड्याळे बंद पडली, कपाटाचे दार निखळले. वाकळ अजून आहे. तीन लेकरे तिच्यात वाढली. पावसाळ्यात छप्पर गळाले तेव्हा ती अंगावर होती, बाळंतपणात ती अंगाखाली होती. नदीवर आपटून धुतली, उसवली तेथे दाभणाने टाके घातले, फाटली तेथे ठिगळ लावले. दोन वर्षांपूर्वी मावशी देवाघरी गेल्या. त्यानंतर ठिगळ लावायला वाकळ उसवली, तेव्हा आतल्या थरात भाचीला एक हिरवे लुगडे दिसले. ते तिच्या आईचे होते. आई ती लहान असतानाच वारली होती. मावशींनी बहिणीचे लुगडे जपून ठेवले होते आणि लेकीच्या पाठीवर घातले होते, पण मांडवात ते सांगण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. ज्यांनी त्या दिवशी हसण्यात भाग घेतला, त्यांपैकी पुष्कळ जण आज येथे बसले आहेत.

पर्यावरणपूरक भेट म्हणजे काय, असे शाळेतली मुले विचारतात. त्यांना ही वाकळ दाखवावी. नवे काहीच विकत आणले नाही, जुने वाया गेले नाही, वस्तू रोज वापरात राहिली, मोडली तेव्हा घरच्या घरी दुरुस्त झाली आणि शेवटी ती मातीत जाईल. भेट निवडताना याच तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात: घेणारा ती वापरील का? बिघडली तर दुरुस्त होईल का? आणि तिचा शेवट कुठे होईल?

या कसोटीला उतरणाऱ्या वस्तू आपल्याच मुलखात भरपूर आहेत. तांब्या-पितळेचे भांडे पोचले तर तांबट ठोकून देतो, कल्हईवाला कल्हई करतो, आणि अगदीच निकामी झाले तर मोडीत त्याचे पैसे येतात. धातू वितळून पुन्हा भांडे होते. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, चिंचोक्याची खळ दिलेले घोंगडे वर्षानुवर्षे ऊब देते. सोलापूरची सुती चादर, खरोखर अंग पुसणारा पंचा, सावंतवाडीची लाकडी खेळणी, शाळकरी मुलाला पुस्तक. घरच्या रानातली तूर, हुलगा, गूळ, शेवया, कुरडया यांची भेट तर खाऊनच संपते, मागे कचरा राहत नाही. पूर्वीचे रुखवत असेच खाण्याचे असे. संक्रांतीचे वाण आठवा. मातीच्या सुगडात बोरे, ऊस, हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या. भांडे मातीचे, आतले शेतातले. त्या वाणाच्या जागी प्लास्टिकच्या डब्या कधी शिरल्या, हे माउलींनीच आठवून पाहावे. बचत गटाची शिकेकाई किंवा घरच्या भाजीचे बी पुडीत बांधून दिले, तर वाणाला काय उणे येईल?

मात्र यातही डोळस राहिले पाहिजे. कापसाला पाणी फार लागते, म्हणून कापडी पिशव्यांचा ढीग वाटणे हाही उधळेपणाच. पिशवी वर्षानुवर्षे वापरली तरच तिचे पुण्य. रोप भेट देण्याची चाल चांगली, पण मुंबईच्या चाळीतल्या पाहुण्याला वडाचे रोप देऊन तो ते लावणार कुठे? त्याला तुळस द्यावी, गवती चहा द्यावा. रानात जागा, पाणी आणि कुंपण असेल त्याला मृगाच्या पावसावर आंबा, कडुनिंब, बेल, आपटा द्यावा. गुलमोहर दिसतो देखणा, पण तो मूळचा मादागास्करचा. आपल्या मुलखात देशी झाडे पुष्कळ असताना परक्याला पहिला मान कशाला?

आणि आपटा म्हटल्यावर दसऱ्याचे सोने आलेच. कौत्साची कथा कीर्तनात सर्वांनी ऐकलेली आहे. आपट्यावर सुवर्णमुद्रांचा पाऊस पडला, पण कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटीच घेतल्या, त्याहून एकही अधिक घेतली नाही. ज्या कथेचे सार "लागेल तेवढेच घ्यावे" हे आहे, तिच्या नावाने आज झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. पाने सारखी दिसतात म्हणून कांचनही सापडतो. दुसऱ्या दिवशी तेच सोने रस्त्यावर पायदळी असते. एकेका वडीलधाऱ्याच्या हाती एकच पान द्यावे आणि वाकून नमस्कार करावा. सोने तेवढ्यानेही पोचते.

भेटीची किंमत पैशाने होत नाही, हे सांगायला सुदाम्याचे पोहे आहेतच. पण आपल्या काळाजवळचा एक दाखला आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले. जगभरातून हिरे-माणकांचे आहेर गेले. महात्मा गांधींनी पाठवला तो स्वतःच्या हाताने कातलेल्या सुताचा, जाळीचा एक विणलेला रुमाल. त्यावर "जय हिंद" ही अक्षरे विणलेली होती. तो पाहून राजघराण्यात नाकेही मुरडली गेली. पण आज त्या लग्नातल्या आहेरांची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिली आठवण त्याच रुमालाची निघते.

शेवटी एक नाजूक गोष्ट. देणगीदारांना सन्मानचिन्ह कोणते द्यावे, यावरून समितीत तीन बैठका झाल्या. ॲक्रिलिकची चकचकीत ढाल द्यावी, असे एका बाजूचे म्हणणे. मुंबईचे एक देणगीदार म्हणाले, "एवढी देणगी दिली, घरी दिवाणखान्यात काही दिसायला नको का?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, दिलेल्याची आठवण राहावी असे कोणाला वाटत नाही? त्यावर पारावरची ती तसबीर उचलणारे सभासद एवढेच बोलले, "माझ्या नावाची वस्तू मी पारावर पाहिली. तुमच्या नावाची पाहण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये."

तेव्हा असे ठरले. जोगेश्वरी मातेला वर्षानुवर्षे आलेली लुगडी आणि खण देवळाच्या पेटीत पडून होते. बचत गटाच्या भगिनींनी त्यांतून प्रत्येक देणगीदारासाठी एक पिशवी शिवली आहे. ती मातेच्या अंगावरची, म्हणून प्रसाद. आणि बाजाराला नेता येईल, म्हणून उपयोगाची. तिच्यात पळसाच्या पानाच्या द्रोणात गूळ-शेंगदाणे आहेत. देणगीदारांची नावे दगडी फळीवर कोरलेली आहेतच, ती दगडाइतकी टिकतील. हा निर्णय सर्वांना पटला असे म्हणता येणार नाही. ज्यांना पटला नसेल त्यांनी पिशवी वर्षभर वापरून पाहावी आणि पुढच्या यात्रेला आपले मत समितीला सांगावे.

गावापुढे एकच विनंती आहे. घरच्या आहेराच्या वहीत एक रकाना वाढवावा. कोणी काय दिले याच्या शेजारी, कोणाला काय हवे आहे हे लिहावे. कार्याच्या आधी दारात जाऊन विचारावे, "बाई, घरात काय कमी आहे?" विचारण्यात कमीपणा नाही आणि सांगण्यातही नाही. चार घरांनी मिळून एक तांब्याचा हंडा द्यावा. आणि पुन्हा कधी मांडवात कोणी वाकळ घेऊन आले, तर हसू नये. ती कोणत्या लुगड्याची आहे, ते आदराने विचारावे.

पिंपळाचा पार आज स्वच्छ आहे. तो तसाच राहावा आणि देण्या-घेण्यातला जिव्हाळा वाढावा, हीच श्रीभैरवनाथ-जोगेश्वरीच्या चरणी प्रार्थना.

श्रीभैरवनाथाच्या नावानं चांगभलं!